ब्रुनोचं पथ्यपाणी

(खामगाव. मे महिन्यातली दुपार, रस्ता ओस. सरकी ढेपेचं दुकान. डाव्या हाताला ढेपेची पोती, तूर चुनी, मक्याचा भरडा, गायी-म्हशींना चाटायला द्यायच्या खनिजांच्या विटा. उजव्या हाताला काचेचं नवं कपाट, त्यात कुत्र्यांच्या खाद्याच्या चकचकीत पिशव्या. प्रत्येक पिशवीवर एक कुत्रा हसतो आहे. या दुकानात पूर्वी कुत्रं शिरलं की पायताण फेकून मारत. आता त्याच्यासाठी काचेचं कपाट. ढेप न्यायला आलेला शेतकरी पोत्यावर टेकलाय. आत कूलरसमोर पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर ताक पीत बसलेत. ते इथं सल्ला द्यायला येत नाहीत, कूलरसाठी येतात. निवृत्त गुरुजी येतात. सोबत साखळीला लॅब्राडोर, नाव ब्रुनो. गुरुजींच्या आई त्याला बरूनभाऊ म्हणतात.)

गुरुजी : नाजूक पोटाचं काही आहे का?

दुकानदार : तुमाले?

गुरुजी : मला कशाला? याला.

दुकानदार : मंग हाये ना जी. हे पहा, हे पिल्लाचं. हे म्हाताऱ्याचं. हे केस गयते त्याच्यासाठी. हे जाड्याचं. हे लहान जातीचं, दाना बारीक. अन् हे घ्या, नाजूक पोटाचं.

गुरुजी : पिशवी एवढीशीच?

दुकानदार : भाव मोठा हाये ना, मंग पिशवी कशी मोठी राहीन?

शेतकरी : एक इचारू का? आमच्या वावरात एक कुत्रं हाये. जातीचं नाई, पातीचं नाई. त्याच्यासाठी कोन्ती पिशवी?

दुकानदार : ते खाते काय?

शेतकरी : दिसन ते.

दुकानदार : त्याची पिशवी निंघाची हाये अजून, भाऊ.

गुरुजी : चेष्टा नको. पोरानं पुण्याहून आणून सोडलाय. तिकडं नवराबायको दोघं नोकरीवर, फ्लॅट बंद, कुत्रं एकटं. जाताना सांगून गेला, 'बाबा, ब्रुनोचं पोट सेन्सिटिव्ह आहे, जपा.' माझ्या पोटाची चौकशी त्यानं आजवर केलेली नाही.

डॉक्टर : (ग्लास खाली ठेवत) होतंय काय त्याला?

गुरुजी : पोट बिघडतं. चार दिवस बरं, दोन दिवस वाईट. पुन्हा बरं, पुन्हा वाईट.

डॉक्टर : उलटी? रक्त पडतं? मलूल होतो? वजन उतरलंय? यातलं काही असेल तर हे दुकान नाही, दवाखाना गाठायचा.

गुरुजी : छे! वजन उलट वाढलंय. छत्तीस किलो.

डॉक्टर : आणि शी कशी होते?

गुरुजी : ती मी रोज पहाटे अंगणात जाऊन पाहतो. चष्मा लावून.

शेतकरी : भेंडवळची घटमांडनीच म्हना ना! रात्री मांडलं, पहाटे वाचलं.

(बाहेरगावच्या वाचकासाठी : जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यांचा घट मांडतात. मधे मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, वडा असलं काही, शिवाय विडा. दुसऱ्या पहाटे कोणता दाणा कुठं सरकला ते पाहून पीकपाणी सांगतात आणि विड्यावरून राजाची गादी. ते ऐकायला गर्दी लोटते. गुरुजींच्या अंगणात एवढी गर्दी नसते.)

दुकानदार : मंग, काय भाकीत निंघालं गुरुजी?

गुरुजी : परवा पाऊस भरपूर. काल पीक मोघम.

शेतकरी : अन् राजा?

गुरुजी : राजा सोफ्यावर कायम आहे.

डॉक्टर : हसू नका. आमच्यात खरंच याचं मोजमाप आहे. एक ते सात आकडे. एक म्हणजे खडा, सात म्हणजे पाणी, दोन-तीन उत्तम. गुरुजी, तुमचा काल किती होता?

गुरुजी : पाच द्यायला हरकत नाही.

शेतकरी : गुरुजींनी कधी कोनाले सातपैकी पाच देल्ले नाई. कुत्र्याले देल्ले.

दुकानदार : डॉक्टरसाहेब, मी यायले ही ग्रेन फ्री दाखवू का? सध्या हिचीच चालती हाये. महाग हाये थोडी.

शेतकरी : ग्रेन फ्री म्हंजे? धान्य फुकट?

दुकानदार : नाई ना बाप्पा. धान्यच नाई त्याच्यात.

शेतकरी : म्हंजे धान्य काढून घेतलं तं भाव वाढला? अन् मी इकडं पोतंभर धान्य घेऊन उभा राह्यतो तं मले भाव नाई! मंग मी पुढच्या साली रिकामं पोतंच आनतो बाजारात.

डॉक्टर : त्याची गरज नाही. पोतं भरूनच आणा. कुत्र्याला धान्य पचतं. लांडग्याला फारसं पचत नाही, कुत्र्याला पचतं. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं. पिठूळ अन्न फोडायचा जो जनुक आहे, त्याच्या लांडग्यात साधारण दोनच प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेताकडेला राहून राहून, त्याचं उष्टं खाऊन, कुत्र्याचं पोट शेतकऱ्याचं झालंय.

शेतकरी : ऐका! आमचं गावठी भाकर खाऊन आठ वर्साचं झालं. मी म्हनलंच होतं.

डॉक्टर : तुमच्या गावठ्याला धान्यानं त्रास होत नाही, म्हणून कुठल्याच कुत्र्याला होत नाही असं नाही. पण बिचाऱ्या ज्वारीवर आधी संशय नको. ज्यांना खाद्याची खरी ॲलर्जी असते त्यांच्यात बहुतेकदा गुन्हेगार निघतो तो गोमांस, दूध, कोंबडी, गहू असल्यांपैकी. आणि ती ॲलर्जी आधी कातडीवर दिसते, खाजवून खाजवून जीव नकोसा होतो. हा खाजवतो का?

गुरुजी : नाही. हा फक्त बघतो. आपण जेवायला बसलो की समोर बसून बघतो. असा बघतो, की माणसाला घास गिळवत नाही.

डॉक्टर : ते भुकेनं नाही. म्हणजे आहे भुकेनंच, पण भूक खरी नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सापडलं, सुमारे चौथाई लॅब्राडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही.

शेतकरी : असे लोक मी पंगतीत पाह्यले हायेत.

गुरुजी : म्हणजे तो नाटक करतो?

डॉक्टर : नाटक नाही. तो मनापासून उपाशी आहे. तुम्ही मात्र मनापासून फसताय. बरं, आता सांगा, तो दिवसभरात काय काय खातो?

गुरुजी : विशेष काही नाही. ही पिशवी, सकाळ-संध्याकाळ.

डॉक्टर : कोरडीच?

गुरुजी : दूध घालून.

डॉक्टर : सुरुवात झाली. मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर पचवायचा रस कमी पडतो. पुढं? वाटी लगेच संपवतो?

गुरुजी : हो, म्हणजे सकाळची संपवतो. दुपारची भिजवून ठेवलेली असते, येता-जाता खातो.

डॉक्टर : भिजवून? दुधात? दुपारभर? या खामगावच्या उन्हात?

दुकानदार : इथं तं माह्या तोंडातला शब्द आंबते.

डॉक्टर : पुढं.

गुरुजी : पुढं काही नाही. सकाळी आईसोबत चहा.

डॉक्टर : चहा!

गुरुजी : बशीतला. दोन बिस्किटं. आईला एकटीला चहा जात नाही. मग पूजा झाली की नैवेद्याचा घास. आई म्हणते, देवाला दाखवल्यावर पहिला घास मुक्या जनावराचा.

शेतकरी : हे तं बरोबरच हाये.

डॉक्टर : त्या घासात काय असतं?

गुरुजी : साधं असतं. वरणभात. गुरुवारी गजानन महाराजांचा नैवेद्य, पिठलं, भाकरी, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची, कांदा.

डॉक्टर : पिठल्यात कांदा-लसूण?

गुरुजी : कांदा-लसणाशिवाय पिठलं होतं?

डॉक्टर : महाराजांना खुशाल दाखवा. ब्रुनोला नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून पूड केलेला असो. वजनाच्या किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला की बिघाड दिसू शकतो. याच्या वजनाला अर्ध्या किलोच्या थोडं पुढं.

गुरुजी : एवढा तो एका वेळी खात नाही हो.

डॉक्टर : एका वेळी नाही. पण रोज थोडा थोडा गेला तरी झीज होतेच. मनुके, द्राक्षं, चॉकलेट हेही बंद. पुढं चला. दुपारी?

गुरुजी : दुपारी शेजारच्या काकू येतात. रिकाम्या हातानं कशा येतील? शाळेला सुट्टी, त्यात पोरं. त्यांच्या हातातली पुडी तो ओळखतो. संध्याकाळी मी फिरायला नेतो. शेगावची कचोरी घेतो, एकच.

दुकानदार : आता खरं निंघून रायलं.

डॉक्टर : कुत्र्याला कचोरी?

गुरुजी : अर्धी. अर्धी मी खातो. तळलेली मिरची देत नाही त्याला, एवढं भान आहे मला.

डॉक्टर : तेलकट खाऊन स्वादुपिंडाला सूज आली तर कुत्रं दगावतं, गुरुजी. तुम्ही ज्याला नाजूक पोट म्हणताय ना, ते पोट मला भलतंच दणकट वाटायला लागलंय. एवढ्या माऱ्यात चार दिवस बरं राहतं!

शेतकरी : अन् एकादशीले?

गुरुजी : एकादशीला तो घरातल्यासारखाच उपास करतो.

डॉक्टर : उपास करतो? हे तरी बरं…

गुरुजी : साबुदाण्याची खिचडी. तूप, शेंगदाण्याचा कूट. बटाट्याचा कीस असला तर तोही.

डॉक्टर : (डोक्याला हात लावून) गुरुजी, त्याला एकादशी खुशाल करू द्या. पण उपास म्हणजे उपास. फराळ नको.

(क्षणभर कोणी बोलत नाही. ब्रुनो तेवढ्यात ढेपेच्या पोत्याला तोंड लावतो. दुकानदार सवयीनं खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्यापुढं धरतो.)

डॉक्टर : हे काय?

दुकानदार : आं? काई नाई. येते बिचारं रोज. ढेपेले तोंड लावते, म्हून गूळ देतो. लक्ष वळते त्याचं.

शेतकरी : म्हंजे पोट बिघडवाचं तुमी अन् नाजूक पोटाची पिशवीही तुमीच विकाची! असा धंदा मले नाई जमला कधी.

दुकानदार : दोन्ही खात्याचा हिशोब वेगळा हाये, भाऊ.

गुरुजी : बरं डॉक्टरसाहेब, आता पिशवी कोणती ते सांगा. एवढं ऐकून घेतलं, रिकाम्या हातानं जायला नको. ही बघा, 'अस्सल कोंबडी, पहिला घटक.'

डॉक्टर : घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. ताज्या कोंबडीत जवळजवळ पाऊण भाग पाणी. शिजवून, वाळवून दाणा केला की ती कोंबडी किती उरली, हे पहिल्या नंबरावरून कळत नाही. त्यापेक्षा प्रथिनं किती टक्के, स्निग्ध किती टक्के ते वाचा.

शेतकरी : कोंबडीचं पानी मोजून पहिला नंबर? अन् मी सोयाबीन नेलं की बाजारात यंत्र लावतेत, ओलावा निंघाला की भाव कापतेत! त्या कोंबडीले लावा म्हना एक डाव यंत्र.

डॉक्टर : नाजूक पोटाच्या पिशवीत बहुधा तेल-चरबी कमी असते, प्रथिन सहज पचणारं असतं, आतड्याला मानवणारा थोडा चोथा असतो. चांगली गोष्ट आहे. पण ते औषध नाही. वरून कचोरी पडली तर तीही हात टेकते. माझं ऐकाल? आधी शी तपासून घेऊ. जंताचं औषध कधी दिलं होतं?

गुरुजी : दिवाळीत. कुठल्या ते आठवत नाही.

डॉक्टर : दर तीन महिन्यांनी द्यायचं. मग दोन-तीन दिवस साधं जेवण. मऊ भात दोन वाट्या, त्यात एक वाटी उकडलेली कोंबडी, कातडं-हाड काढून, फोडणी नाही, मसाला नाही.

गुरुजी : (आवाज खाली आणत) कोंबडी घरात शिजणार नाही. आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ.

डॉक्टर : मग कमी चरबीचं पनीर, थोडं दही. दही दुधापेक्षा बरं पचतं. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, खाद्य नीट जुळवलेलं असलं तर. मांजर नाही राहू शकत. म्हणून मांजराला माळ घालू नका.

गुरुजी : पण या पिशवीत तर कोंबडी आहे.

डॉक्टर : मग आजवर काय सांगितलंत आईंना?

गुरुजी : भाजके हरभरे.

(दुकानदार तोंड फिरवून हसतो.)

गुरुजी : हसायला काय झालं? तसेच दिसतात. त्यात हे असलं खाद्य काढणारा पहिला माणूस कोण, माहीत आहे? जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन. विजेपासून इमारती वाचाव्यात म्हणून सळया लावतात ना, त्या विकायचा. विलायतेत गेला, बंदरावर जहाजातली कडक बिस्किटं कुत्री खाताना पाहिली म्हणे, आणि १८६० च्या सुमारास लंडनला कुत्र्यांच्या बिस्किटांचा धंदाच काढला.

दुकानदार : विजेच्या सळया सोडून कुत्र्याची बिस्किटं! त्याच्या मानानं मी ढेपेवरून लवकरच पोचलो म्हनायचं.

डॉक्टर : इतिहास नंतर. ऐका. साध्या जेवणावर पोट बसलं की नवं खाद्य सुरू करायचं, पण एकदम नाही. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. आठवडा-दहा दिवसांत पूर्ण. पिशवी उघडली की घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब, नाहीतर त्यातली चरबी खवट होते. आणि मोजून द्यायचं, वजन करून. पिशवीवर दिलेलं असतं, पण याला ते थोडं कमीच करावं लागेल. तरी त्रास राहिला, तर आठ आठवडे एकाच जातीचं प्रथिन, एकच धान्य, बाकी कणभर काही नाही. मगच कळतं की खाद्य सोसत नाही की आणखी काही आहे.

गुरुजी : आठ आठवडे कणभर नाही? आमच्या घरात?

डॉक्टर : म्हणून सांगतो, पिशवी कोणतीही घ्या, बरी असली म्हणजे झालं. पण वाढणारा हात एक पाहिजे. घरातला एकच माणूस ठरवा. तो देईल तेवढंच ब्रुनो खाईल. कोण?

गुरुजी : मीच की.

शेतकरी : कचोरी?

गुरुजी : मग… पोरं नको. काकू तर नकोच.

दुकानदार : मी सांभाळू का दुपारून? इथं कूलर हाये.

डॉक्टर : गूळही आहे.

शेतकरी : माह्या वावरात धाडा. तिथं काईच भेटत नाई.

गुरुजी : (बराच विचार करून फोन लावतात) आई, ऐक. डॉक्टरसाहेब म्हणतात, ब्रुनोला एकाच माणसानं खायला द्यायचं. दुसऱ्या कुणी काही द्यायचं नाही. चहासुद्धा नाही.

आजी : (फोनवर, आवाज एवढा की स्पीकरची गरज नाही) मी देते.

गुरुजी : आई, तूच तर सकाळी बिस्किटं…

आजी : तुम्ही सगळे देता म्हणून मीही देते. मी एकटी असले तर कोण काय देतंय बघू. तुझ्या बाबांच्या साखरेचं पथ्य मी वीस वर्षं सांभाळलं. पेढ्याचा डबा घरात असून त्यांच्या हाताला लागला नाही. ह्या बरूनभाऊची काय कथा!

डॉक्टर : (भारावून) आजी, नमस्कार. मोजून द्यावं लागेल. वजनकाट्यावर.

आजी : आपल्या गावाला चांदी तोलायला काटे कमी आहेत का? एक आणून द्या.

गुरुजी : आणि आई, एक सांगायचं राहिलं. ते हरभरे आहेत ना…

आजी : कोंबडीचे.

गुरुजी : तुला माहीत होतं?

आजी : पिशवीवर हा एवढा कोंबडा काढलाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलंस ना मला तूच? बघायला नको का काही?

गुरुजी : मग बोलली नाहीस ती!

आजी : तू एवढ्या मेहनतीनं खोटं बोलत होतास, म्हटलं राहू दे. पिशवी स्वयंपाकघरात येणार नाही, ओसरीवरच्या पेटीत राहील, किल्ली माझ्याकडं. कुत्र्याला कुत्र्याचं खाऊ दे, माळ मी घातलीय, त्यानं नाही. डॉक्टर आहेत का अजून?

डॉक्टर : आहे आजी, बोला.

आजी : हा संध्याकाळी अर्धी कचोरी कुत्र्याला देतो, ते मला ठाऊक आहे. उरलेली अर्धी जातो कुठं घेऊन? याची साखर मागच्या महिन्यात वाढलीय. एका कागदावर लिहून द्या, कुत्र्यानं काय खायचं नाही, आणि खाली यानं काय खायचं नाही. दोन्ही मीच बघते.

डॉक्टर : (गडबडून) आजी, मी फक्त जनावरांचा डॉक्टर आहे.

शेतकरी : मंग अडलं कुठं? लिहा की.